घोडं पेंड खातं कुठे?

"वय झालंय हो त्याचं."

फासळ्या मोजता येणाऱ्या घोड्याशेजारी उभं राहून कुणी हे वाक्य म्हटलं की माझी तार सटकते. मी जनावरांचा डॉक्टर. आयुष्याचा बराचसा काळ परळ-लालबाग-गिरगाव याच पट्ट्यात गेला, त्यामुळे कुत्री-मांजरं जास्त आणि घोडे कमी, हे ओघानं आलंच. तरीही वरातीचे, शूटिंगचे, आणि कधीकाळी व्हिक्टोरियाला जुंपलेले असे बरेच घोडे हाताखालून गेले. हे वाक्य मी मालकांकडून ऐकलंय, मोतद्दारांकडून ऐकलंय, पिशवीत गूळ घेऊन फिरणाऱ्या प्राणिप्रेमी बाईंकडून ऐकलंय आणि एकदा तर चक्क एका डॉक्टरांकडून (माणसांच्या!) ऐकलंय. सगळ्यांचा सूर एकच. हळहळ, एक सुस्कारा, आणि विषय बंद.

माझं म्हणणं असं की "वय झालं" हे निदान नव्हे, ती पळवाट आहे. घोडा वीस वर्षांचा झाला म्हणून हाडाडतो असं नाही. नीट सांभाळलेला घोडा पंचविशी सहज गाठतो, काही तर तिशीही बघतात, आणि तेही अंगानं भरलेले राहून. म्हातारा घोडा खंगतो तेव्हा बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं: समोर टाकलेलं त्याला चावता येत नाही, किंवा जे चावता येईल ते त्याच्यासमोर कुणी टाकत नाही. क्वचित एखादा आजार असतो, पोटात जंत असतात. पण यातल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी करता येतं. "वय झालं" म्हटलं की मात्र कुणालाच काही करावं लागत नाही. किती सोयीचं!

आता थोडं दातांबद्दल, कारण सगळी गोम तिथेच आहे. घोड्याच्या दाढा चोवीस. माणसाच्या दाढेसारख्या त्या एकदा येऊन थांबत नाहीत. दाढेचा मोठा भाग हिरडीखाली जबड्यात असतो आणि तो वर्षाला साधारण २-३ मिलिमीटर या गतीनं वर सरकत राहतो. तेवढाच वरून घासला जातो. म्हणजे घोडा जन्माला येतानाच दातांची शिल्लक घेऊन येतो आणि आयुष्यभर ती खर्च करतो. पंचविशी-तिशीपर्यंत खातं रिकामं होत येतं. त्यातच वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड घासली न जाता धारदार होते. ती धार गाल कापते, जीभ कापते. चावताना दुखतं, मग घोडा एका बाजूनं चावतो, मग दुसरी बाजू आणखी बिघडते.

यावरचा उपाय अनेक शतकांचा जुना आहे. तोंड उघडं ठेवणारी पट्टी लावून आत हात घालायचा आणि लांब दांड्याच्या कानशीनं त्या धारा घासून काढायच्या. तरण्या घोड्याला वर्षातून एकदा, म्हाताऱ्याला दर सहा महिन्यांनी तोंड तपासून. बस. माझ्याकडे आलेल्या किती घोड्यांच्या तोंडात आयुष्यात एकदाही कुणाचा हात गेलेला नव्हता हे विचारू नका. नाल मात्र वेळच्या वेळी बदललेली असायची. कारण नाल नसेल तर घोडा चालत नाही, आणि दात नसले तरी चालतो… काही महिने.

वरातीला घोडा देणारे एक चाचा होते. माणूस वाईट नव्हता, घोड्यावर जीव होता. घोडा वाळत चालला म्हणून त्यांनी मला बोलावलं. "खाना तो बराबर डालता हूँ डॉक्टरसाब. बुढ्ढा हो गया है, और क्या." मी म्हटलं, "चाचा, गव्हाणीच्या खाली बघा जरा." खाली गवताचे ओले, चघळून टाकलेले बोळे पडलेले, लिंबाएवढे. घोडा गवत तोंडात घेत होता, घोळवत होता आणि बाहेर टाकत होता. लिदीत बोटाच्या पेराएवढ्या लांब काड्या जशाच्या तशा. चाचा रोज पेंढी टाकत होते, पैसे मोजत होते, आणि घोडा भरल्या गव्हाणीपुढे उपाशी होता. तोंड साफ केलं, चारा बदलला, आणि तीन-साडेतीन महिन्यांत पाठीचा कणा दिसेनासा झाला. वय तेवढंच. उलट तीन महिन्यांनी वाढलेलं!

लोक फसतात याचं दुसरं कारण म्हणजे पोट. म्हाताऱ्या घोड्याचं पोट लोंबतं आणि लांबून तो "चांगला खात्यापित्या घरचा" वाटतो. घोडा डोळ्यांनी नव्हे, हातानं बघायचा असतो. अमेरिकेतल्या हेनेके यांनी १९८३ साली यासाठी १ ते ९ अशी मोजपट्टी मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागची जागा, फासळ्या, कंबर आणि शेपटीचं मूळ, या सहा ठिकाणी हात फिरवायचा. १ म्हणजे नुसता सापळा, ९ म्हणजे चरबीचा गोळा. ५ च्या आसपास फासळ्या दिसत नाहीत, पण बोटांना सहज लागतात. म्हातारा घोडा तिथेच राहिला पाहिजे, थोडा वर असला तरी हरकत नाही. वजनकाटा नाही? शिंप्याची टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर उत्तर येतं सुमारे ३२३ किलो. महिन्यातून एकदा हे केलं आणि वहीत लिहून ठेवलं तर घोडा वाळतोय हे फासळ्या दिसायच्या कितीतरी आधी कळतं. खर्च शून्य रुपये.

मग खायला काय घालायचं? लोकांना इथे काहीतरी जादूची पुडी हवी असते. तशी ती नसते. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा-खुराक लागतो, म्हणजे आपल्या ३२३ किलोवाल्याला पाच ते साडेसहा किलो. त्यातला मोठा वाटा चाऱ्याचाच हवा, कारण घोड्याचं मोठं आतडं हा चारा आंबवणारा कारखाना आहे आणि तो बंद पडून चालत नाही. दात गेलेल्याला कडबा घालणं म्हणजे बोळक्या आजोबांपुढे ऊस ठेवण्यासारखं. त्याला कोवळं गवत, बारीक केलेला आणि पाण्यात चांगला मऊ केलेला मेथीघास, भिजवलेल्या गोळ्या, अशी लापशी हवी. चंदी (म्हणजे धान्याचा खुराक) भरडून, भिजवून, आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी. एवढ्या घोड्याला एका वेळी किलो-दीड किलोच्या वर धान्य नको, कारण न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरला की पोटशूळ उठतो किंवा खुरांची आग होते, ज्याला आम्ही लॅमिनायटिस म्हणतो. घोड्याला उलटी करता येत नाही हे लक्षात ठेवा. आत गेलेली चूक आतच राहते.

ताकद हवी तर तेल घाला. दिवसाला चार-पाच चमच्यांपासून सुरू करून दोन आठवड्यांत कपभरापर्यंत. स्नायू झडले असतील तर चांगलं प्रथिन हवं, त्यासाठी सोयाबीनची पेंड उत्तम. शेंगदाण्याची पेंडही चालते, पण मुंबईच्या पावसाळ्यात तिला बुरशी किती पटकन लागते ते ठाऊक आहे ना? बुरशी लागलेली पेंड म्हणजे विष. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडा काढू नका. त्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नगण्य, हाडं पोकळ होतात. मेथीघासानं ते साधतं. थोडं मीठ, भरपूर स्वच्छ पाणी. कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू. आणि म्हाताऱ्याला वेगळं बांधून खायला द्या, नाहीतर शेजारचा तरणा त्याचंही संपवतो. इतकं करूनही अंग धरत नसेल तर लीद आणि रक्त तपासा. "वय झालं" हे शब्द उच्चारायची परवानगी त्यानंतर!

आता गूळवाल्यांकडे वळतो. (राग येईल काहींना, येऊ दे.) घोडा दिसला की गूळ, पाव, शिळ्या पोळ्या, लग्नातले पेढे… हे पुण्य घोड्याच्या खात्यात जमा होत नाही. म्हाताऱ्या घोड्यांत एका ग्रंथीचा विकार आढळतो, त्यात अंगावर लांब केस राहतात, पाठ झडते आणि गोडाचं प्रमाण बिघडतं. अशा घोड्याला तुमचा गूळ लंगडा करू शकतो. त्याहून भयंकर म्हणजे बरेच दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला "बिचारा!" म्हणून एकदम पोटभर धान्य घालणं. रक्तातले क्षार कोसळतात आणि सुटका झालेला घोडा काही दिवसांतच मरतो. दया करायचीच असेल तर आधी शिकून करावी.

घोडं पेंड खातं ते मात्र यापुढे.

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हौसेखातर फिरवल्या जाणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितलं. डांबरी रस्ता, ऊन, भोंगे, तबेल्यांची दैना हे सगळं मी पाहिलेलं आहे, त्यामुळे निकालाबद्दल माझी तक्रार नाही. न्यायालयानं चालकांच्या आणि घोड्यांच्याही पुनर्वसनाची योजना करायला सरकारला सांगितलं होतं. पुढची काही वर्षं गाजली ती मालक-चालकांच्या भरपाईची चर्चा, आणि ती व्हायलाच हवी होती, त्यांचंही पोट होतं. २०२१ साली विजेवर चालणाऱ्या, बिनघोड्यांच्या व्हिक्टोरिया आल्या. फोटो आले, बातम्या आल्या. पण घोड्यांच्या खुराकाचा हिशोब कुठे चर्चेत आलेला मला आठवत नाही. गाडी बंद झाली तरी घोड्याचं पोट बंद होत नाही. काम सुटलेला पंधरा वर्षांचा घोडा अजून दहा वर्षं जगणार असेल तर त्याला रोज सहा किलो धरून वर्षाला सुमारे २,१९० किलो आणि दहा वर्षांत जवळपास बावीस टन खाणं लागेल. एका घोड्याला बावीस टन! हा आकडा ज्या निर्णयात नाही, तो निर्णय अर्धाच झाला.

आणि हे फक्त व्हिक्टोरियाचं नाही. महालक्ष्मीला धावणारे घोडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शर्यतीत उतरतात आणि बहुतेकांची कारकीर्द दहा वर्षांचे व्हायच्या खूप आधी संपते. पुढची पंधरा-वीस वर्षं ते कुठे असतात, हा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्याला पडत नाही. नवरदेव तासभर बसतो, घोडा पंचवीस वर्षं जगतो. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तातून येते. परळच्या हाफकिनचं नाव घेताना कोकणातल्या कितीतरी घरांनी त्या घोड्यांचेही आभार मानायला हवेत. या शहरानं घोड्याकडून घेतलंय तरी किती! ९ मे १८७४ ला इथली पहिली ट्राम सुरू झाली ती घोड्यांनीच ओढली, आणि विजेची ट्राम १९०७ मध्ये येईपर्यंत शहर त्यांच्याच पाठीवर चाललं.

"आपल्याकडे ही असली संस्कृतीच नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, चिपळूणला छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात धाडलेलं पत्र. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही त्यातली ताकीद सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या पत्राचा मोठा भाग दाण्या-वैरणीबद्दल आहे: आत्ताच मनाला येईल तसं उधळलंत तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारले असं होईल. इतकंच नाही, तर उंदरानं पेटती वात पळवून गवताची गंजी जळेल, इथवरचा विचार त्यात आहे. घोड्याच्या मरणाला "दैव" न म्हणता जबाबदार माणूस शोधणारा राजा आपलाच. जयजयकार करताना हे पत्र नेमकं कुठे जातं?

दुसरी गोष्ट आपल्या पायाखालची. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला जुने लोक आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. परळचंच पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. गिरगावच्या अंगणात, सी. पी. टँकजवळची पांजरापोळ तर १८३४ ची. म्हणजे म्हाताऱ्या, थकलेल्या जनावरासाठी जागा, वैद्य आणि पैसा उभा करणं या शहराला जवळपास दोनशे वर्षांपूर्वी सुचलं होतं. ट्राम, गिरणी आणि बंदर घोड्या-बैलांवर चालायचं, म्हणून सुचलं असेल. पण सुचलं.

कायद्याचं म्हणाल तर १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा सांगतो की पुरेसं अन्न-पाणी न देणं हा मालकाचा गुन्हा आहे. छान. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दंड लिहिलाय १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज एका वेळची धड चंदीही येणार नाही. म्हणजे खायला घालण्यापेक्षा दंड भरणं स्वस्त!

तुम्ही म्हणाल, "अहो, इथे गिरणी कामगारांचं म्हातारपण कुणी बघितलं नाही आणि तुम्ही घोड्यांचं काय घेऊन बसलात?" हा प्रश्न लालबागमध्ये विचारला गेला की मी गप्प बसतो, कारण त्यातली वेदना खरी आहे. पण तर्क उलटा आहे. ज्या सवयीनं आपण घोड्याला "वय झालं" म्हणतो, त्याच सवयीनं आपण माणसालाही म्हणतो. काम संपलं की हिशोब संपला, ही एकच खोड दोन्हीकडे आहे. घोड्याची चंदी कापून कामगाराच्या ताटात कुणी काही वाढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

"मग गरीब मालकानं काय करायचं?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. चाचांसारख्या माणसाच्या डोक्यावर बावीस टन टाकून मोकळं होणं हाही निर्दयपणाच. म्हणून माझी मागणी मालकाकडे कमी आणि घोडा वापरणाऱ्या सगळ्यांकडे जास्त आहे. शर्यत, वरात, शूटिंग, जिथे जिथे घोड्यावर पैसा मिळतो, तिथे त्या पैशातला ठरावीक हिस्सा त्याच्या म्हातारपणाच्या खुराकासाठी बाजूला निघाला पाहिजे. घोडा पाळायचा वा भाड्यानं द्यायचा परवाना हवा असेल तर दर सहा महिन्यांनी दात तपासल्याचा कागद आणि वजनाची वही दाखवावी. घोड्यांचं एखादं काम बंद करणारा हुकूम निघाला तर त्यातच प्रत्येक घोड्याचा रोजचा खुराक, तो देणारा कोण आणि किती वर्षं, हे लिहिलेलं असावं. आणि घोडे सोडवणाऱ्या संस्थांनी देणगी मागताना गळ्यात हार घातलेला फोटो न छापता सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं वजन छापावं. मी त्यांना हसत पैसे देईन.

एक कटू गोष्टही बोलून टाकतो. सगळं करूनही काही घोड्यांना शेवटी खाता येत नाही. तेव्हा डॉक्टरच्या हातून शांतपणे, वेदनेवाचून येणारं मरण हे कोपऱ्यात बांधून महिनोनमहिने वाळत ठेवण्यापेक्षा कितीतरी सभ्य आहे. "आम्ही जीव घेत नाही" असं अभिमानानं सांगत भुकेनं जीव जाऊ देणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. पण हा निर्णय तोंडात हात घालून, रक्त तपासून, तीन महिने लापशी घालून झाल्यावरचा आहे. त्याआधीचा नाही.

असो. पुढच्या वेळी वरातीत, शिवाजी पार्कच्या आसपास किंवा कुठेही हाडं निघालेला घोडा दिसला तर गूळ काढू नका, मोबाइलही काढू नका. त्याच्या मालकाला इतकंच विचारा, "दात कधी बघितले होते?" उत्तर बहुतेक तेच येईल, वय झालंय हो त्याचं. मग अजिबात न रागावता बैलघोडा हॉस्पिटलचा पत्ता सांगा. परळ स्टेशनपासून लांब नाही.